हॉलिस बॅचेल्डरची दोन मिनिटं

हॉलिस बॅचेल्डर बोलायला उभा राहिला की त्याची बायको आर्लीन मान खाली घालून विणकामाचे टाके मोजायला लागायची. वेस्ट टिल्बरीच्या टाउन हॉलमध्ये ती नवऱ्याच्या शेजारी कधी बसली नाही. दोन रांगा मागे, खिडकीला लागून बसायची, जणू हा गृहस्थ कोण कुठला आपल्याला ठाऊकच नाही. ठाऊक अर्थात सगळ्या गावाला होतं. हॉलिसचं पहिलं वाक्य झालं की पुढच्या बायका हळूच मान वळवून तिच्याकडे बघायच्या. नवरा पिऊन आला की शेजारणी बघतात ना, अगदी तसं. आणि हॉलिस तर थेंबालाही शिवत नव्हता हो! त्याला व्यसन एकच, बोलायचं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमची गावसभा भरते. वर्षभराचा कारभार त्या एका दिवसात, सगळ्यांनी मिळून, तोंडाने ओरडून ठरवायचा. सभापती विचारतो, "बाजूने असतील त्यांनी?" की सगळं गाव "होऽऽ" करतं. "विरुद्ध असतील त्यांनी?" की क्षणभर शांतता, आणि मग डाव्या बाजूने, खर्जातला, एकट्या हॉलिसचा आवाज: "नाही!"

बर्फ काढायला नवा ट्रक घ्यायचा? नाही. वाचनालयाचं छप्पर बदलायचं? नाही. शाळेत स्वयंपाक करणारी बाई निवृत्त झाली, तिच्या आभाराचा ठराव आला, तेव्हाही हा बाबा उठला. "आभार ठरावाने कसले मानता? तिच्या घरी जाऊन माना. तिला पायऱ्यांवरचा बर्फ काढून हवाय, ठराव नकोय." ती बाई समोरच बसली होती. तिला हसावं की रडावं कळेना.

गावात कुंपण-पाहणी अधिकारी नावाचं एक पद आहे. जुन्या काळापासून चालत आलंय, काम काडीचं नाही, पगार त्याहून नाही. ते दरवर्षी हॉलिसला देतात. आणि दरवर्षी आपल्याच निवडीच्या विरुद्ध हॉलिस उभा राहून "नाही" म्हणतो, आणि दरवर्षी हरतो, म्हणजे निवडून येतो.

असं का करतोस, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "सगळे एका सुरात 'हो' म्हणाले की मला धडकी भरते. एवढी माणसं एकदम शहाणी होत नसतात."

पक्षवाल्यांच्याही त्याने नाकी नऊ आणले होते. रिपब्लिकनांची आणि डेमोक्रॅटांची, दोन्ही पंगतींना तो जायचा, दोन्हीकडे पोटभर जेवायचा आणि दोन्हीकडे भांडून यायचा. हे म्हणायचे तो त्यांचा, ते म्हणायचे तो यांचा. एका निवडणुकीच्या आधी जनमत चाचणीवाल्या मुलीचा फोन आला. बाजूने, विरुद्ध की माहीत नाही, एवढंच सांगा म्हणाली बिचारी. हॉलिस म्हणाला, "चौथा रकाना आख, मी सांगतो त्यात काय लिहायचं ते." आर्लीनचा केक भट्टीत गेला, केक फुलला, निवला, तरी ती पोरगी फोनवरच. शेवटी तिनेच रडवेल्या आवाजात हॉलिसची माफी मागून फोन ठेवला.

तर अशा माणसाबरोबर आर्लीनने चव्वेचाळीस वर्षं काढली. हॉलिस करवती आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. हात सोन्यासारखे, मन लोण्यासारखं, पण तोंड! सकाळच्या कॉफीबरोबर सुरू व्हायचं. रेडिओवर बातम्या लागल्या की तो रेडिओला उत्तरं द्यायचा.

आदल्या वर्षीच्या सभेत मात्र कहर झाला. रस्त्यावर टाकायच्या वाळूवर हॉलिस इतका बोलला, इतका बोलला, की दुपारच्या जेवणाचं हॅम भट्टीत चामडं होऊन बसलं. ते हॅम ग्लेंडा रोवेलचं होतं. गावातलं एकुलतं एक दुकान ग्लेंडाचं, आणि सभेच्या दिवशी टाउन हॉलच्या स्वयंपाकघरात राज्यही तिचंच. तिने तिथेच शपथ घेतली. या हिवाळ्यात तिने दुकानाच्या गल्ल्यापाशी अर्ज ठेवला: सभेत कोणीही एका विषयावर दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये, असा ठराव यंदा मांडावा. नाव कोणाचंच नव्हतं त्यात. पण 'कोणीही' म्हणजे कोण, हे वेस्ट टिल्बरीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

आर्लीन त्या दिवशी अंडी घ्यायला गेली होती. सकाळीच हॉलिसने अंड्यांच्या खोक्यावर भाषण झोडलं होतं, पुठ्ठ्याचं का नसतं, प्लॅस्टिकचं का असतं, आणि यामागे कोण आहे. तिचं डोकं भणभणत होतं. ग्लेंडा म्हणाली, "तुला नाही गं आग्रह करत, आर्लीन. तुझं अवघड आहे."

"आण इकडे ते पेन," आर्लीन म्हणाली, आणि सही ठोकून मोकळी झाली.

घरी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, अंडी दुकानातच राहिली होती.

सभेची विषयपत्रिका आली तेव्हा हॉलिसने तो ठराव वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग उठून रेडिओच बंद केला, तेव्हाच आर्लीनला कळलं की वर्मी लागलंय.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "माझे गुडघेच दोन मिनिटं घेतात उभं राहायला."

"अरे, सगळ्यांसाठी आहे ते, हॉलिस."

"सगळ्यांसाठी! सगळे बोलतात कुठे?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. "हे पास झालं ना, आर्लीन, तर मी परत त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही."

आणि तो टाकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चर्चच्या गायकवृंदातून एकदा भांडून बाहेर पडला, तर त्यानंतर अंघोळीतसुद्धा कधी गुणगुणला नाही. गावसभेचा दिवस म्हणजे या माणसाचा सण होता. जानेवारीपासून तो मांजरासमोर तालीम करायचा. त्या सकाळी दाढी दोनदा करायचा. तो दिवस गेला, तर उरलेल्या वर्षात या माणसाचं काय उरणार, हा विचार काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.

"सह्या कोणी केल्यात ते बघायला जाणार आहेस का?" तिने भीतभीत विचारलं.

"छे! मी कशाला बघू? सही करायचा हक्क आहे त्यांचा," हॉलिस म्हणाला. एक वेळ शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं आर्लीनला झालं.

मग तो भाषणाच्या तयारीला लागला. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण करायचं होतं. आणि नेमकं सभेच्या आदल्या आठवड्यात, मेपलच्या झाडांना रस गोळा करायच्या बादल्या टांगताना गारठ्यात भिजला, तापाने फणफणला, आणि त्याचा आवाज बसला. असा बसला की नुसती हवा. डॉक्टरांनी सांगितलं, बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी आर्लीनला स्वर्ग दोन बोटं उरला. घरातल्या घड्याळाला टिकटिक आहे, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. स्वेटरची अख्खी बाही विणून झाली. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ जरा जास्तच वाजायला लागलं. मग एका सकाळी रेडिओवर कोणीतरी मंत्री म्हणाला की नव्या योजनेमुळे जनतेचं भलं होणार, आणि स्वयंपाकघरातून आर्लीन ओरडली, "आणि खर्च कोण करणार, तुझा बाप?" मागे वळून बघते तर दारात हॉलिस, गळ्याला मफलर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतोय, आवाज मात्र नाही.

"तुझ्या वेंडेलला सांगू का, सभापतीच आहे तो, तुझं म्हणणं वाचून दाखव म्हणून?" तिने विचारलं. हॉलिसने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याच्या तोंडाने तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

मंगळवारी तो गेला. दोनदा दाढी करून गेला.

सभापती वेंडेल कॉर्लिस. हॉलिसचा जिवलग. गोठलेल्या तळ्यावर दोघं बर्फाला पाडलेल्या एकाच भोकात गळ टाकून बसायचे. पण सभेत एकमेकांना 'मिस्टर' आणि 'आपण', त्यात तडजोड नाही. त्याने पहिला ठराव वाचला. "बाजूने?" "होऽऽ!" "विरुद्ध?"

सवयीने सगळ्यांच्या माना डावीकडे वळल्या. हॉलिसने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

"मंजूर," वेंडेल म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

बातमी कुजबुजत मागच्या भिंतीपर्यंत गेली: आवाज बसलाय! हॉलिसचा! खसखस पिकली. दुसरा ठराव मंजूर, तिसरा मंजूर, चौथा मंजूर. एरवी जेवणानंतर लागणारे विषय कॉफी संपायच्या आत निकालात निघाले. हॉलिस हातवारे करून काहीतरी सांगायला बघायचा, तर लोकांना वाटायचं याला खोकला येतोय, आणि रांगेतून हातोहात पेपरमिंटच्या गोळ्या यायच्या. त्याच्या मांडीवर गोळ्यांचा ढीग झाला. मग कुंपण-पाहणी अधिकाऱ्याची निवड आली, आणि हॉलिस बॅचेल्डर आयुष्यात पहिल्यांदा एकमताने निवडून आला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

स्वयंपाकघराच्या दारातून ग्लेंडाचं लालबुंद तोंड बाहेर आलं. "कुठवर आलात?"

"तुझ्याच ठरावावर," कोणीतरी म्हणालं.

"इतक्यात? अहो, माझे बीन्स अजून खड्यासारखे आहेत!" तिचं तरी काय चुकलं? दरवर्षी ती बीन्स हॉलिसच्या भाषणांच्या बेताने चढवायची. हॅम जळलं ते एकदाच. बाकी इतकी वर्षं त्याच्याच जिवावर गावाला मऊ बीन्स मिळत आले होते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तरी ती अ‍ॅप्रनला हात पुसत पुढे आली आणि ठराव मांडला. "सभापती महाशय, माझं कोणाशी वाकडं नाही. पण माणसाने बोलायला काही मर्यादा असावी की नाही? दोन मिनिटं पुष्कळ झाली. दोन मिनिटांत अंडं उकडतं!"

"अर्धंकच्चं उकडतं," मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

"यावर कोणाला बोलायचंय?" वेंडेलने विचारलं.

हॉलिस उठला. गुडघे धरून, खुर्चीच्या पाठीला हात टेकून, हळूहळू उठला.

"मिस्टर बॅचेल्डर यांना बोलायची परवानगी आहे," वेंडेल म्हणाला.

आणि मग काहीच झालं नाही. कोणीतरी पाय हलवला, खुर्ची करकरली. हॉलिस उभाच.

"आपलं झालं का?" वेंडेलने अदबीने विचारलं. हॉलिसने जोरात मान हलवली: नाही.

आणखी वेळ गेला. ग्लेंडाला राहवेना. "सभापती महाशय, अहो, तो बोलतच नाहीये!"

"मिसेस रोवेल, खाली बसा," वेंडेल म्हणाला. "सभा सध्या मिस्टर बॅचेल्डर यांच्या ताब्यात आहे. मिळालेल्या वेळाचं त्यांनी काय करावं, याचा नियम आपल्याकडे नाही."

"म्हणूनच तर मी ठराव आणलाय ना!"

"तो मंजूर झाला की मग बोला."

लोक फिदीफिदी हसायला लागले. आर्लीनने सवयीने टाके मोजायला मान खाली घातली, आणि कोण जाणे का, पुन्हा वर केली. इतक्या वर्षांत सभेत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिने कधी डोळे भरून बघितलंच नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. तिने सकाळी इस्त्री केलेल्या कॉलरवर मानेची शीर तटतटून आली होती. आणि त्याने जरा अंग वळवलं, तेव्हा तिला त्याचे ओठ दिसले.

तो बोलत होता. सगळं भाषण, पहिल्यापासून, शब्दन् शब्द. फक्त आवाज नव्हता. आणि लोक हसत होते.

आर्लीन ताडकन उठली. लोकरीचा गुंडा मांडीवरून सुटला आणि रांगांच्या खालून घरंगळत थेट वेंडेलच्या टेबलापर्यंत गेला.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

सगळ्या हॉलने वळून बघितलं. आर्लीन बॅचेल्डर?

"मिसेस बॅचेल्डर," वेंडेल अडखळला, "सध्या मिस्टर बॅचेल्डर बोलताहेत. त्यांनी आपली पाळी सोडली, तरच..."

हॉलिस वळला. दोन रांगांपलीकडे बायको उभी, हातात सुया, चेहरा पांढराफटक. त्याने तिच्याकडे बघितलं. मग हात पुढे करून, दारात कोणाला वाट द्यावी तसं केलं, आणि बसला. आजवर त्याने आपली पाळी कोणालाही सोडली नव्हती.

"त्या अर्जावर माझी सही आहे," आर्लीन म्हणाली. आधी तेच म्हणाली, नाहीतर नंतर जीभ रेटली नसती. "त्याला माहीत नाही. आत्ता कळलं. अंड्यांच्या खोक्यावरून डोकं फिरलं होतं माझं. याच्या बोलण्याने तुमचं वर्षातून एकदा डोकं उठतं, माझं रोज सकाळी उठतं. तेव्हा याला घड्याळ लावायचा पहिला मान माझा, तो ग्लेंडाने घ्यायचं कारण नाही."

ग्लेंडाने अ‍ॅप्रनची गाठ सोडून परत बांधली.

"आणि तो बरोबर असतो असं मी म्हणत नाही हं! बहुतेक वेळा चुकतोच. वाचनालयाचं छप्पर आणखी दहा वर्षं टिकेल म्हणाला. नवं बसवायच्या आधीच नाताळात कोसळलं ना, पोरांच्या पुस्तकांवर? वाळूचंही त्याचं चुकलंच होतं, मी घरीच सांगितलं होतं. पण आज बघा. सकाळपासून आपण होऽ होऽ करतोय. चौथा ठराव कशाचा होता, सांगा बघू कोणीतरी?"

माणसं विषयपत्रिकेत तोंड खुपसून बसली.

"ग्लेंडा, तू सांग."

"मी आत बीन्स बघत होते!"

"वेंडेल, तू?"

वेंडेल खाकरला. "सभापतीला प्रश्न विचारता येत नाहीत," तो म्हणाला, आणि त्याचे कान हॉलिसपेक्षा लाल झाले.

"हा 'नाही' म्हणतो, तेव्हा निदान वेंडेलला थांबावं लागतं. तेवढ्या वेळात आपण काय करतोय ते आपल्याला कळतं. आणि याचं तोंड बंद केलंत, मग पुढचं कोणाचं? माझं? मी आज पहिल्यांदा उभी राहिलेय, आणि ती बघा, ग्लेंडा आत्ताच घड्याळाकडे बघतेय!"

"मी भट्टीसाठी बघतेय!" ग्लेंडा कळवळून म्हणाली.

त्यानंतर आर्लीन थांबायला हवी होती. पण चव्वेचाळीस वर्षांचं साठलेलं होतं, ते काही आवरेना. ती वाळूवर बोलली, खडीवर बोलली, अंड्यांच्या खोक्यावर तर हॉलिसचंच भाषण जसंच्या तसं म्हणाली. टाउन हॉलला सकाळपासून हरवलेलं काहीतरी सापडल्यासारखं झालं. लोक खुर्च्यांत सैलावले. आतून बीन्स शिजल्याचा वास यायला लागला, तेव्हा कुठे ती म्हणाली, "एवढंच," आणि मटकन बसली.

"बाजूने असतील त्यांनी?" वेंडेलने विचारलं.

"हो," ग्लेंडा म्हणाली, आणि तिच्याबरोबर पाच-सहा जण, तेही चाचरत.

"विरुद्ध असतील त्यांनी?"

"नाऽऽही!" खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आणि त्या गदारोळात डाव्या बाजूला हॉलिस, तोंड होईल तितकं उघडून, बिनआवाजाचा.

"नामंजूर," वेंडेल म्हणाला. मग हातातली हातोडी टेबलावर ठेवता ठेवता थांबला. "मिस्टर बॅचेल्डर यांचं मत सभापतींना नीट ऐकू आलं, याची नोंद व्हावी."

जेवणाच्या रांगेत सगळ्यांनी आर्लीनच्या पाठीवर थापा मारल्या. ग्लेंडाने तिला अ‍ॅपल पायचा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "तू तर त्याच्यापेक्षा वाईट निघालीस गं!" पण आर्लीन तो तुकडा नुसता चमच्याने उकरत बसली. हॉलिस समोर बसून खाली मान घालून बीन्स खात होता. त्याने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

परतताना पिकअप तीच चालवत होती. बर्फ वितळून रस्त्याचा नुसता राडा झाला होता. हॉलिस शेजारी, मफलरात नाक खुपसून, बाहेर बघत. गिरणीच्या पुलापर्यंत तिने कळ काढली.

"हॉलिस."

त्याने काचेवरची वाफ पुसली.

"मी सही करायला नको होती रे. तू म्हणालास ना, त्यांचा हक्क आहे म्हणून, त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. खूप रागावलास का माझ्यावर?"

हॉलिसने मफलर खाली ओढला. मान वळवून तिच्याकडे बघितलं. मतदानाला घ्यायचा तसा छाती भरून श्वास घेतला, आणि डॉक्टरांनी बजावलेलं सगळं धाब्यावर बसवून, कानशीने पत्रा घासावा तशा आवाजात म्हणाला, "नाही."

उभ्या जन्मात आर्लीनने त्याच्या तोंडून हा शब्द इतक्यांदा ऐकला होता, पण तो ऐकून तिला कधी रडू आलं नव्हतं. समोरचं काही दिसेना, म्हणून तिने गाडी कडेला घेतली.

हॉलिस लगेच खिडकीबाहेर बोट दाखवून जिवाच्या आकांताने मान हलवायला लागला: इथे नको, इथे थांबवू नकोस, चाक रुतेल!

चाक रुतलंच. हॉल आवरून उशिराने मागून आलेल्या वेंडेलने साखळी लावून गाडी ओढून काढली, तोवर अंधारून आलं होतं. आणि सबंध दिवसात एका गोष्टीत का होईना आपण बरोबर होतो, हे हॉलिसला काही केल्या बोलून दाखवता येत नव्हतं.